आधी ऊन शोधा, माणूस येईलच : रस्त्यावरच्या फोटोत सावली वापरायला शिकताना

कॅमेरा नवा होता तेव्हा पहिले सहा महिने मी माणसांच्या मागे धावलो. पुण्यातली तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रोड. चेहरा आवडला की क्लिक. घरी येऊन बघावे तर प्रत्येक चेहऱ्यामागे एक वाढदिवसाचा फ्लेक्स, दोन स्कूटर, वायरींचे जंजाळ आणि कुणाचा तरी अर्धा हात. माणूस छान, फोटो म्हणजे उलटी केलेली बाजाराची पिशवी.

मग डिसेंबरातल्या एका सकाळी रविवार पेठेतल्या एका बोळात उन्हाची एकच तिरीप जमिनीवर पडलेली दिसली. एक हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन तिच्यातून गेला. मी फक्त उन्हातल्या उजेडाचे मोजमाप धरून फोटो काढला. फ्लेक्स, स्कूटर, वायरी सगळे तिथेच होते, पण काळोखात गडप. उरला तो गठ्ठा, एक खांदा आणि जमिनीवरची लांब सावली. पुण्या-मुंबईसारख्या शहरात पसारा झाकायला सावलीइतकी मोठी चादर दुसरी नाही, आणि ती फुकट मिळते. खाली लिहिलेले बहुतेक सगळे पुण्याच्या पेठांत शिकलेले आहे. गाव तुमचे असेल, सूर्य तोच आहे.

घड्याळ बघून निघा

सावलीची लांबी सूर्य किती वर आलाय यावर ठरते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असला की सावली माणसाएवढी. ३० अंशांवर पावणेदोन पट. हे पाठ करायची गरज नाही, फक्त महिन्यागणिक वेळ बदलते एवढे डोक्यात ठेवा. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सकाळी ८ वाजता सावली उंचीच्या जवळजवळ पाचपट असते, ९ वाजता सव्वादोन पट, १० वाजता दीडपट. आणि भर दुपारीसुद्धा ती जवळपास माणसाएवढीच राहते, कारण तेव्हा सूर्य ४८ अंशांच्या वर चढतच नाही. म्हणून थंडीत दिवसभर काम करता येते.

मे महिन्यात गणित वेगळे. ८ वाजता सावली दुप्पट, साडेनऊच्या आत माणसाएवढी, आणि अकरानंतर पायाशी गोळा. मेच्या मध्याला एके दिवशी ती मध्यान्हीला नाहीशीच होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य ढगांत असतो. मे महिन्यात साडेसहाला घराबाहेर पडणे जमत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर या. टळटळीत दुपारी चहा प्या.

एक बारीक गोष्ट : घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरलेली, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. त्यामुळे पुण्यात सूर्य डोक्यावर सरासरी १२.३५ च्या सुमारास येतो, मुंबईत आणखी तीन-चार मिनिटांनी. म्हणजे सकाळ आपल्याला वाटते त्यापेक्षा थोडी उशिरापर्यंत चालते, आणि उशिरा उठणाऱ्यांना तेवढीच सवलत.

रस्ता कुठल्या दिशेला जातो ते बघा

हे नवशिके कधीच करत नाहीत, मीही केले नव्हते. फोनमध्ये होकायंत्र असते, ते एकदा उघडा.

बाजीराव रोड, शिवाजी रोड हे दक्षिणोत्तर रस्ते. सकाळी पूर्वेकडच्या इमारती सूर्य अडवतात, आणि ऊन आधी समोरच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूवर पडते. तेही वरच्या मजल्यावर आधी. मग तासाभरात ते भिंतीवरून खाली उतरत फूटपाथवर येते. उन्हाची ही कड फूटपाथला टेकते तो अर्धा तास सर्वांत कामाचा. चालणारा माणूस डोक्यापासून छातीपर्यंत उन्हात, खाली अंधारात. दुपारनंतर हाच खेळ पूर्वेच्या बाजूला.

लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या इमारतींची सावली रस्त्यावर पसरते आणि उत्तरेकडच्या दुकानांच्या पायऱ्यांना ऊन मिळते. पण खरी मजा आहे ती दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या बोळांत. दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा पट्टा रस्त्यावर आडवा येतो, आणि अख्खी गर्दी एकेक करून त्या पट्ट्यातून जाते. नाटकाच्या रंगमंचावर जसा एकच दिवा लावलेला असावा तसे. नटांना काही सांगावे लागत नाही.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. थंडीत त्याच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. पर्यटक याच काळात येतात आणि दरवाज्याचे करडे, मळकट फोटो काढून जातात. तुम्ही दरवाज्याकडे पाठ करा. तटाची सावली समोरच्या मोकळ्या पटांगणात पडलेली असते आणि तिची कड सरळ रेघ मारल्यासारखी असते. त्या रेघेवरून फुगेवाले, शाळेच्या सहली, आजीचा हात धरलेली पोरे आत-बाहेर करत असतात. मी तिथे आयुष्यातले बरेच रविवार घालवले आहेत.

कॅमेऱ्याला काळोख मान्य करायला लावा

इथे नव्वद टक्के लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकटीचा बहुतांश भाग सावलीत असला की त्याला वाटते, अंधार फार झाला, उजेड वाढवू या. परिणाम : सावली करडी-धुरकट होते आणि उन्हातला माणूस पांढराफटक जळतो. तुम्ही डोळ्यांनी जे नाट्य पाहिले ते नेमके कॅमेऱ्याने सारवून टाकलेले असते.

फोनवर उपाय सोपा आहे. उन्हाचा जो भाग महत्त्वाचा आहे, भिंत असो वा जमीन, त्यावर बोट टेकवा आणि दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. मग शेजारी येणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढा. सावली डोळ्यांना काळी वाटेपर्यंत ओढा, आणि मग अजून थोडे. एचडीआर बंद करता येत असेल तर करा. एचडीआरचे कामच सावलीतला तपशील वर काढणे आहे. आपल्याला तो तपशील नकोय. काही फोन ते पूर्ण बंद करू देत नाहीत, तिथे प्रो मोड (सगळे आकडे हाताने लावायची सोय) वापरा.

हातात कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ वर ठेवून सुरुवात करा, गरज पडली तर उणे २. किंवा सरळ मॅन्युअल मोड. फिल्मच्या जमान्यातला एक ठोकताळा अजून चालतो : स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ वर ठेवले (आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) की शटर आयएसओच्या, म्हणजे उजेड टिपायच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतके. म्हणजे आयएसओ २०० ला १/२०० सेकंद. आपल्याला वेगवान शटर हवे म्हणून एफ ८ करा, शटर १/८००. सकाळचे कोवळे ऊन असेल तर १/५००. हे एकदा लावले की मीटरकडे बघायचेच नाही. उन्हाची तीव्रता पाच मिनिटांत बदलत नाही. ढग आला तर गोष्ट वेगळी. उन्हातल्या आणि उघड्यावरच्या सावलीतल्या उजेडात साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपटीचा फरक असतो. अरुंद बोळात तो आणखी वाढतो. उन्हावर मोजमाप केले की सावली आपोआप बुडते.

स्क्रीनवर फोटो बघून तुम्हाला वाटेल, अरे, फार काळा आला. येऊ दे.

चौकटीत काय ठेवायचे

पहिला आणि सर्वांत सोपा प्रकार : काळी पार्श्वभूमी, उन्हात माणूस. बंद दुकानाचे शटर, खोल ओटा, वाड्याचा दिंडी दरवाजा, असे काहीतरी सावलीत हवे आणि त्याच्यापुढे उन्हाचा पट्टा. पट्ट्याच्या बाजूला, थोडे तिरके उभे राहा. एकट्या माणसाची वाट पाहा. दोघे आले की ते एकमेकांत मिसळतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवर मिसळलेली माणसे चार पायांचा प्राणी दिसतात.

दुसरा प्रकार, भिंतीवरची सावली. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. सूर्य हा ठिपका नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. त्यामुळे वस्तू आणि तिची सावली यांच्यात अंतर वाढले की सावलीची कड विरघळत जाते. दर मीटरला साधारण एक सेंटीमीटर. भिंतीला लागून चालणाऱ्या बाईच्या सावलीत नाकाचे टोक दिसते. तीच बाई चार मीटर दूर गेली की नाकच नाही, नुसता गोळा. दहा मीटर उंचीवरच्या बारीक वायरीची सावली जमिनीवर शोधून सापडत नाही, ती याचमुळे. म्हणून रेखीव सावली हवी असेल तर माणूस भिंतीला खेटून जाईल अशी अरुंद जागा निवडा. भिंत साधी, फिक्या रंगाची. चुना लावलेली जुनी भिंत मिळाली तर सोने. (पोस्टर लावलेली भिंत मिळेल, आणि त्यावर एखादा नेता हात जोडून उभा असेल. त्याच्या चेहऱ्यावर सावली पाडायचा मोह मला अजून आवरत नाही. पण तो विनोद एकदाच चालतो.)

तिसरा, वरून खाली. पहिल्या मजल्याचा सज्जा, पादचारी पूल, पायऱ्यांचा वरचा टप्पा. थंडीत सकाळी आठला वरून पाहिले तर माणूस म्हणजे डोक्याचा ठिपका आणि त्याला चिकटलेली पंचवीस फुटी सावली. मग फोटोत माणसाला जागा कमी द्या, सावलीला जास्त. सायकलवाले इथे सोन्यासारखे. चाकांच्या आऱ्यांसकट सगळी सायकल जमिनीवर उमटते.

आकृती ओळखू यायला तिच्यात मोकळ्या जागा लागतात. पाय फाकलेले असण्याचा क्षण पकडा, म्हणजे पावलांमध्ये कात्रीसारखा त्रिकोण दिसला पाहिजे. दोन्ही पाय एकत्र आले की खांब दिसतो. चेहरा समोरून आला तर काळा गोल, बाजूने आला तर नाक, ओठ, हनुवटी. डोक्यावरची टोपी, अंबाडा, खांद्यावरचे उपरणे, हातातली किटली, कमरेवरचे पोर यांनी आकृतीला ओळख मिळते. हेल्मेटवाले मात्र सगळे सारखेच. पुण्यातल्या स्कार्फ गुंडाळलेल्या मुलीही. त्यांना उन्हातच घ्या.

पाने, जाळ्या, बांबूचे मांडव यांची सावली दिसायला सुंदर, पण सांभाळून. ठिपक्याठिपक्यांचे ऊन चेहऱ्यावर पडले की माणसाला देवीचे फोड आल्यासारखे दिसतात. ते जमिनीवर किंवा पाठमोऱ्या साडीवर चालते. झाडाखालचे ते गोल ठिपके पानांचे आकार नसतात हे जाता जाता लक्षात घ्या. पानांच्या फटींतून पडलेल्या सूर्याच्या प्रतिमा आहेत त्या. खंडग्रास ग्रहणात त्याच ठिपक्यांच्या कोरी होतात.

सूर्याकडे तोंड करून काढलेले फोटो वेगळे बसतात : सावल्या तुमच्या दिशेने धावत येतात, माणसे काळी आकृती होतात. सूर्य एखाद्या पाटीमागे, खांबामागे लपवा. भिंग आधी पुसा, फोनचे तर नक्कीच, नाहीतर बोटांचे तेल पूर्ण फोटोवर पसरते. आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) डोळ्यातून थेट सूर्याकडे बघू नका. लांब भिंग लावले असेल तर मुळीच नाही.

सूर्य पाठीशी असला की तुमचीच सावली चौकटीत घुसते. सुरुवातीच्या माझ्या शंभर फोटोंत तरी कोपऱ्यात एक लांबडा भूत उभा आहे. उपाय : विजेच्या खांबाच्या किंवा झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहा. तुमची सावली त्यात विरते.

थांबा

जागा सापडली, उजेड लावला, चौकट ठरली. आता हलू नका. दहा मिनिटे, वीस मिनिटे. फोकसही आधीच ठरवून ठेवा. साध्या १८-५५ मिलिमीटरच्या भिंगावर १८ ला, एफ ८ ठेवून दोन मीटरवर मॅन्युअल फोकस केला, तर नेहमीच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यात एक मीटरपासून पुढचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. मग फोकस जुळवताना माणूस निसटण्याचा प्रश्न राहत नाही. दिवसा शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, चालणारे पाय पुसट होतात.

आणि तिथे परत जा. मंडईबाहेर ताडपत्रीच्या फटीतून एक कवडसा कांद्यांच्या ढिगावर पडायचा. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलेला पाहून भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय रे दादा, माझा फोटो काढतोस काय?"

"नाही मावशी, ह्या उन्हाचा."

"उन्हाचा? मग आत्ताच कशाला धडपडतोस, उद्या पण येणार ते. दहाला ये. तेव्हा टमाट्यावर पडतं."

दुसऱ्या दिवशी दहाला गेलो. टमाट्यावर पडले होते. लाल रंग असा पेटला होता, की त्याच्यावरून फिरणारा मावशींचा हात सोडून दुसरे काही चौकटीत ठेवावेसे वाटले नाही. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा कवडसा रस्त्यावर सरकला होता. एकच कोपरा महिनाभर बघा. कुठल्या वेळी ऊन कुठे येते ते तिथे बसणाऱ्यांना विचारा. चांभार, पानवाला, वाहनतळावरचा काका यांना ते तुमच्या अॅपपेक्षा नेमके माहीत असते, कारण ते टाळण्यासाठी त्यांना रोज स्टूल हलवावे लागते.

माणसांशी

सावलीच्या फोटोत चेहरा बऱ्याचदा दिसत नाही. ही सोय आहे, पण पळवाट समजू नका. कुणी हात केला, मान वळवली, तर कॅमेरा खाली. विचारले तर स्क्रीन दाखवा, नको म्हणाले तर समोरच पुसा. लहान मुलांचे ओळखू येतील असे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. लष्करी आवारे आणि त्यांची फाटके यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. खडकी, कॅम्पच्या बाजूला फिरताना विशेष. मी नवशिका असताना एका फाटकाची सुंदर सावली टिपायला गेलो आणि पाऊण तास एका बाकावर बसून आलो.

घरी आल्यावर

दोनशे फोटोंतून तीन ठेवा. मोबाइलवर छोट्या आकारात बघा. अंगठ्याएवढे असतानाही आकृती कळते तोच फोटो. मग संपादन : काळे आणखी खाली, उन्हाचा पांढरा जळू न देता किंचित वर. सावल्या उजळणारी 'शॅडोज' नावाची पट्टी उजवीकडे ओढायची खोड मोडा. रंगीत ठेवायचा असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 'डेलाइट'वर; उन्हात सोनेरी आणि सावलीत निळसर असा जो फरक निसर्गात असतो तो तसाच राहतो. सावली निळी दिसते, कारण तिला उजेड आकाशाकडून मिळतो. फोटोत रंग काहीच बोलत नसेल तर कृष्णधवल करा. फोटो फसला म्हणून कृष्णधवल करू नका, फसलेलाच राहतो.

हाँगकाँगच्या फॅन हो यांचे १९५४ सालचे एक छायाचित्र सावलीच्या फोटोंत नेहमी दाखवले जाते : उंच पांढरी भिंत, पायथ्याशी एक मुलगी, आणि कोपऱ्यातून तिरपी सरकत आलेली काळी सावली. ती तिरपी सावली त्यांनी डार्करूममध्ये टाकली होती, आणि मुलगी त्यांच्या नात्यातली होती, सांगून उभी केलेली. मला हे कळले तेव्हा आधी राग आला, मग हायसे वाटले. तरी पहिली दोन वर्षे हे करू नका असेच सांगेन. सावली कुठे पडायला हवी होती हे कळायला आधी पुष्कळ ठिकाणी ती पडलेली बघावी लागते.

जून ते सप्टेंबर

ढगाळ उजेडाला सावलीच नसते, तेव्हा चार महिने कॅमेरा कपाटात, असे काहीजण करतात. रात्री बाहेर पडा. रस्त्यावरचा दिवा हा जवळचा, छोटा सूर्य : त्याच्याखाली सावली आखूड, दूर जाल तशी लांब, दोन दिव्यांच्या मध्ये दोन सावल्या. गणपतीत मांडवांच्या फोकस-दिव्यांपुढून ढोलवाले जातात तेव्हा समोरच्या इमारतीच्या तीन मजल्यांवर त्यांचे हात हलतात. फोकसच्या जवळून जाणाऱ्याची सावली भिंतीवर सर्वांत मोठी. आयएसओ ३२००, शटर १/२००, भिंग जेवढे उघडेल तेवढे. दिव्याकडे पाठ करा आणि भिंतीकडे बघा. बाकी सगळी गर्दी मूर्तीकडे बघत असते, त्यामुळे जागाही मोकळी मिळते.